खाणकामगाराची मुलगी: लॉरेटा लिन

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, "आठवणींचे लेख भरपूर आलेत. तू काहीतरी माहितीपूर्ण दे. इंजिनिअर आहेस, एआयवर लिही." एआयवर लिहू शकतील असे आपल्या १९९६च्या दहावीच्या बॅचमध्येच तिघं आहेत, तेव्हा तो विषय त्यांच्यासाठी सोडते. मी लिहिणार आहे अमेरिकेतल्या एका गायिकेच्या कारकिर्दीविषयी. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत तिचं काय काम, असं वाटेल. तर आधीच सांगते, तीही कोळशाच्या खाणीच्या गावातली होती.

२०१५ साली कंपनीच्या कामासाठी मी अकरा महिने केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात होते. ऑफिसमध्ये पन्नाशीचा एक सहकारी होता, मूळचा त्याच राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातला. एकदा जेवताना त्याने विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी नेहमीचं उत्तर दिलं, "मायनिंग कंपनीत होते." आमच्या पुण्याच्या ऑफिसात या उत्तरावर विषय संपतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साहेब असतील. त्याने मात्र लगेच विचारलं, "जमिनीखाली की वर?"

हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, "खाली. लोडर होते. टबमध्ये कोळसा भरायचे." तो म्हणाला, "माझे आजोबापण." मग त्याने मला एक गाणं ऐकवलं. गाण्याचं नाव 'कोल माइनर्स डॉटर', म्हणजे खाणकामगाराची मुलगी. गायिका आणि गीतकार लॉरेटा लिन.

त्या गाण्यामागे लागून मी पुढचे काही महिने तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं, ऐकलं आणि एका शनिवारी गाडी काढून तिचं गावही बघून आले. ही त्याचीच हकिकत.

लॉरेटा वेबचा जन्म १४ एप्रिल १९३२चा. पूर्व केंटकीतल्या जॉन्सन काउंटीत व्हॅन लिअर नावाचं कोळशाचं गाव आहे. ते 'कन्सॉलिडेशन कोल' या कंपनीने वसवलं आणि त्याला कंपनीच्या एका संचालकाचंच नाव दिलं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं. त्या भागातल्या अनेक खाणींमध्ये मजुरीही कंपनीच्याच बिल्ल्यांत मिळायची आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालायचे. आपण कॉलरीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, त्यामुळे अशा गावाची घडी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. वेब कुटुंब या गावापासून आणखी आत, डोंगराच्या एका चिंचोळ्या घळीत लाकडी घरात राहायचं. आठ भावंडांत लॉरेटा दुसरी. वडील मेल्विन वेब रात्री खाणीत जायचे आणि दिवसा डोंगरउतारावर मका पिकवायचे.

त्या घळीचं नाव नकाशावर 'बुचर हॉलो' असं लिहिलेलं असतं. तिथली माणसं मात्र 'हॉलो' म्हणत नाहीत, 'हॉलर' म्हणतात. शहरातले लोक या उच्चाराला हसत. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

या डोंगरांत गाणं आलं ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर. खून, दगा, विरह, पूर, अपघात यांच्या लांबलचक कथा सांगणारी गाणी त्यांच्याकडे होती आणि साथीला फिडल, म्हणजे व्हायोलिन. बँजो आला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून. चर्चमधली भजनं होतीच. या सगळ्याचं मिश्रण कित्येक पिढ्या घरातल्या घरात गायलं जात होतं. १९२७ साली राल्फ पीअर नावाचा माणूस रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात आला. तिथे त्याने कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर हे संगीत बाजारात नीट उभं राहिलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२५ मध्ये, नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावर शनिवार रात्रीचा एक कार्यक्रम सुरू झाला होता. तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' म्हणून प्रसिद्ध झाला आणि आजही चालू आहे. वेब कुटुंबाकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. शनिवारी रात्री सगळी भावंडं त्याच्याभोवती जमायची. आपल्याकडच्या बुधवारच्या 'बिनाका'सारखंच म्हणा ना.

लॉरेटाचं शिक्षण एका खोलीच्या शाळेत झालं आणि तेही लवकरच सुटलं. त्या शाळेत एकदा 'पाय सोशल' होता. मुलींनी घरून पाय करून आणायचे, त्यांचा लिलाव व्हायचा आणि जो मुलगा बोली जिंकेल त्याने मुलीला घरापर्यंत सोडायचं. लॉरेटाने पायमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं होतं. तो खारट पाय सैन्यातून नुकत्याच परतलेल्या ऑलिव्हर लिनने पाच डॉलरला घेतला. महिनाभरात, १० जानेवारी १९४८ रोजी, त्यांचं लग्न झालं.

लग्नात ती तेरा वर्षांची होती असं ती आयुष्यभर सांगत आली. पुस्तकांत, सिनेमात तेच आलं. २०१२ साली एका वृत्तसंस्थेने तिच्या जन्माची नोंद शोधून काढली तेव्हा कळलं की लग्नाच्या वेळी तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. आपल्या शाळेच्या दाखल्यांवर निम्म्या वर्गाचा जन्म जूनमधलाच होता, त्यामुळे तारखांच्या घोळाचं मला नवल वाटलं नाही. पण तेरा नव्हे पंधरा म्हटल्याने गोष्ट फारशी बदलत नाही. गरोदर असतानाच ती नवऱ्यामागून वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर या गावी गेली. आईवडील तीन हजार किलोमीटरहून दूर राहिले. विशीत पोचेपर्यंत तिला चार मुलं झाली होती. नवरा लाकूडतोडीची आणि शेतावरची कामं करायचा, ती लोकांच्या घरची साफसफाई करायची, फळं तोडायला जायची.

नवऱ्याला सगळे 'डू' म्हणत. तो प्यायचा, बाहेरख्याली होता, त्यांच्यात मारामाऱ्या व्हायच्या. तिने हे कधी लपवलं नाही, आणि 'मीही उलट हाणायचे' असंही सांगितलं. पण मुलांना झोपवताना गाणारी आपली बायको रेडिओवरच्या बायकांपेक्षा चांगली गाते, हे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं. १९५३ मध्ये त्याने तिला सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. ती एकटीच वाजवायला शिकली. मग त्यानेच तिला गावातल्या गुत्त्यांत आणि सभागृहांत गायला उभं केलं. लोकांसमोर उभं राहायला ती घाबरायची. भावाला गिटारवर घेऊन तिने 'ट्रेलब्लेझर्स' नावाचा वाद्यवृंद बांधला. टकोमा शहरातल्या बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमात तिने स्पर्धा जिंकली, बक्षीस मिळालं मनगटी घड्याळ. तो कार्यक्रम सीमेपलीकडे कॅनडात नॉर्म बर्ली या लाकडाच्या धंद्यातल्या माणसाने पाहिला. त्याने पैसे घातले आणि 'झिरो रेकॉर्ड्स' नावाच्या छोट्या कंपनीसाठी फेब्रुवारी १९६० मध्ये हॉलिवूडला तिची गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यातलं 'आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल' हे गाणं तिने स्वतः लिहिलेलं होतं.

यापुढचा भाग मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. कंपनी नावाप्रमाणेच 'झिरो'. वितरण नाही, जाहिरात नाही. डू आणि लॉरेटा यांनी घरी बसून हजारो पाकिटं भरली आणि देशभरच्या रेडिओ केंद्रांना रेकॉर्ड पोस्टाने पाठवल्या. मग जुनी गाडी घेऊन दोघं निघाले. रस्त्यात रेडिओचा मनोरा दिसला की गाडी थांबवायची, आत जायचं आणि निवेदकाला गाणं लावायची विनंती करायची. झोप गाडीतच, जेवण म्हणजे सँडविच. असं करत ते गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकावर गेलं. १५ ऑक्टोबर १९६० रोजी, ज्या 'ऑप्री'साठी लहानपणी ती रेडिओला कान लावून बसायची, त्याच ऑप्रीच्या मंचावर ती गायली. १९६२ मध्ये तिला तिथलं कायमचं सदस्यत्व मिळालं.

ज्या वडिलांच्या रेडिओवर हे सगळं सुरू झालं ते मेल्विन वेब १९५९ मध्येच गेले होते. वय बावन्न. खाणीच्या धुळीने फुप्फुसं आधीच खराब झाली होती. मुलीची एकही रेकॉर्ड त्यांनी ऐकली नाही.

नॅशव्हिलमध्ये तिला मैत्रीण भेटली ती पॅट्सी क्लाइन. पॅट्सी तेव्हा मोठी गायिका होती. १९६१ मध्ये मोटार अपघातात जबर जखमी होऊन ती रुग्णालयात होती. लॉरेटाने रेडिओवरच्या एका कार्यक्रमात पॅट्सीचंच गाणं तिला उद्देशून गायलं. पॅट्सीने ते ऐकलं आणि नवऱ्याला पाठवून हिला बोलावून घेतलं. कपडे कसे घालायचे, पैशाचं बोलणं कसं करायचं, हे पॅट्सीने तिला शिकवलं. ही मैत्री दोन वर्षंही टिकली नाही. ५ मार्च १९६३ रोजी पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लॉरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यांतल्या एकीचं नाव तिने पॅट्सी ठेवलं.

डेका कंपनीशी करार झाला होता, निर्माते म्हणून ओवेन ब्रॅडलींसारखा जाणता माणूस लाभला होता. पण त्याच सुमारास एक गोष्ट हातची गेली. तिच्या गाण्यांचे प्रकाशन-हक्क ज्या विल्बर्न बंधूंनी तिला नॅशव्हिलमध्ये आधार दिला त्यांच्याच कंपनीकडे गेले. पुढे तिने त्यांच्यापासून फारकत घेतली आणि हक्क परत मिळवण्यासाठी सुमारे तीस वर्षं झगडली. ते मिळाले नाहीत. या करारांच्या जाचामुळे सत्तरच्या दशकात तिने गाणी लिहिणंच जवळपास थांबवलं. आम्ही ऑफिसात लिहिलेला कोड कंपनीचा असतो, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. पण स्वतःच्या आईवर लिहिलेलं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं होणं म्हणजे काय, ते मला हे वाचताना पहिल्यांदा कळलं.

तिची गाणी कशाविषयी होती? कंट्री संगीतात नवऱ्याला दारूपायी रडवणारी, मोहात पाडणारी बाई गाण्यांत खूप होती. तिची बाजू सांगणाऱ्या बायका थोड्या. १९५२ मध्ये किटी वेल्स या गायिकेचं एक गाणं, बायका बिघडतात त्यात पुरुषांचाही हात असतो एवढंच म्हणणारं, यादीत पहिलं आलं. एकट्या गायिकेचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं येण्याची ती पहिली वेळ, आणि तेही काही ठिकाणी रेडिओवर लावायला मनाई झाली. लॉरेटा त्या वाटेने पुढे गेली. पिऊन घरी आलास तर माझ्या जवळ यायचं नाही, असं नवऱ्याला ठणकावणारं तिचं गाणं १९६७च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर पोचलं. नवऱ्याच्या मागे लागलेल्या बाईला 'तुझी तेवढी लायकी नाही' असं सांगणारं एक, आणि त्याच बाईला गुद्द्यांची धमकी देणारं दुसरं, ही दोन्ही गाणी तिनेच लिहिली. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या सैनिकाच्या बायकोने सरकारला लिहिलेल्या पत्राचं गाणं केलं ते १९६६ साली. सगळ्या गाण्यांतली बाई स्वयंपाकघरातच उभी आहे, पण बोलते आहे थेट.

माझी आजी दळताना ओव्या म्हणायची. त्यातही नवरा असायचा, सवत असायची, माहेर असायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लॉरेटाचं गाणं ऐकताना मला आजीचं जातं आठवलं ते सुरामुळे नव्हे, बोलण्याच्या त्या पद्धतीमुळे. फरक एवढाच की आजीचं म्हणणं जात्याभोवतीच्या दोघीतिघींनी ऐकलं, आणि लॉरेटाचं अख्ख्या देशाने.

देशाला ते नेहमीच रुचलं असं नाही. 'द पिल' हे गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं तिने १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. हे तिचं स्वतःचं नव्हे, इतरांनी लिहिलेलं. दरवर्षी बाळंतपण सोसलेली एक बाई नवऱ्याला सांगते, आता माझ्याकडे गोळी आहे. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळून तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण गाणं बाजारात यायला १९७५ उजाडलं. अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावलं नाही, तरी ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. लॉरेटाने एका मुलाखतीत सांगितलं की खेड्यांतले डॉक्टर तिला येऊन म्हणाले, आमच्या माहितीपत्रकांनी झालं नाही ते काम या गाण्याने केलं. सहा मुलांच्या आईने हे गायलं होतं, त्यामुळे 'हिला काय कळतं' असं म्हणायची सोय कोणाला नव्हती. त्याआधी १९७२ मध्येच कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला होता. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता त्या गाण्याकडे येते, ज्यामुळे मी हे सगळं लिहिते आहे.

'कोल माइनर्स डॉटर' ध्वनिमुद्रित झालं ऑक्टोबर १९६९ मध्ये. त्यात गोष्ट अशी काहीच नाही. वडील रात्री खाणीत, दिवसा मक्यात. आई धुणं धुऊन बोटं सोलवटून घेते आणि रात्री दिव्याच्या उजेडात बायबल वाचते. उन्हाळ्यात पोरं अनवाणी, थंडीला जोडे टपालाने मागवायचे. बस. मूळ गाणं बरंच लांब होतं. ब्रॅडलींनी सांगितलं, इतकं लांब चालणार नाही, काही कडवी काढ. तिने काढली, आणि काढलेले कागद स्टुडिओतच राहून गेले. ती कडवी कोणालाच पुन्हा मिळाली नाहीत. त्याची हळहळ तिला कायम वाटत राहिली.

गाण्याच्या सुरुवातीलाच जन्माचा उल्लेख येतो, तिथे ती 'बॉर्न' म्हणत नाही, 'बॉर्न्ड' म्हणते. शाळेत हे चूक. पुढे 'टायर्ड' हा शब्द ती घरच्या उच्चाराने असा म्हणते की त्याचं 'हार्ड'शी यमक जुळतं. शहरी उच्चार केला तर यमक मोडेल. म्हणजे ते गाणं शुद्ध करताच येत नाही. हॉलरची बोली काढली की गाणं राहत नाही.

ते रेकॉर्ड वर्षभर पडून होतं. त्या वर्षात खाणींच्या जगात बरंच घडलं. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले होते. त्यावरून देशभर ओरड झाली आणि ३० डिसेंबर १९६९ रोजी कोळसा खाणींच्या सुरक्षिततेचा नवा कायदा झाला. जमिनीखालच्या प्रत्येक खाणीची वर्षातून किमान चार वेळा तपासणी, हवेतल्या धुळीवर मर्यादा, आणि काळ्या फुप्फुसाच्या रोगाने निकामी झालेल्या कामगारांना भरपाई. ज्या रोगाने मेल्विन वेब खंगले त्याला सरकारने देशपातळीवर पहिल्यांदा नाव आणि किंमत दिली.

गाणं ऑक्टोबर १९७०मध्ये बाहेर आलं आणि डिसेंबरात कंट्री यादीत पहिलं झालं. ते सगळीकडे वाजत असतानाच, ३० डिसेंबर १९७० रोजी, कायद्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, केंटकीतल्या हायडन गावाजवळच्या खाणीत स्फोट झाला. ३८ माणसं गेली. लॉरेटाने त्यांच्या मुलांच्या मदतीसाठी १९७१ मध्ये कार्यक्रम केला, तो लुईव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये. मी रोज ऑफिसला जायचे ते त्याच शहरात. माझ्या सहकाऱ्याने मला जेवताना गाणं का ऐकवलं, ते हे वाचल्यावर नीट समजलं. त्याच्या भागात ते गाणं म्हणजे करमणूक नव्हती.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. १९७६ मध्ये त्याच नावाचं तिचं आत्मचरित्र आलं, १९८० मध्ये त्यावर सिनेमा. लॉरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकने त्यात गाणी स्वतः गायली आणि तिला ऑस्कर मिळालं. १९८४ मध्ये लॉरेटाचा मुलगा जॅक बेनी नदीत बुडून गेला. १९९६ मध्ये डू गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. त्याच्याविषयी तिने शेवटपर्यंत दोन्ही बाजूंनी सांगितलं. तो नसता तर गाणी झाली नसती, कारण गिटार त्याने आणली. आणि तो तसा नसता तरीही झाली नसती, कारण लिहायला काही उरलं नसतं. २००४ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, तिने जॅक व्हाइट या तरुण रॉक संगीतकाराबरोबर अल्बम केला. त्यातली जवळजवळ सगळी गाणी तिने लिहिलेली आणि नाव 'व्हॅन लिअर रोझ', म्हणजे पुन्हा तेच कोळशाचं गाव. त्याला दोन ग्रॅमी मिळाले. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिला देशाचं सर्वोच्च नागरी पदक दिलं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथल्या घरी, झोपेतच ती गेली. वय नव्वद.

आता माझं थोडं.

आठवीत 'माझे वडील' हा निबंध होता. मी लिहिलं होतं, 'बाबा मले म्हणाले'. बाईंनी लाल शाईने 'मले'चं 'मला' केलं. बाईंचं चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी तसं केलं म्हणूनच बोर्डात मराठीचे गुण मिळाले. पण त्या लाल शाईतून मी माझ्या मनानेच एक पुढचा धडा घेतला, जो त्यांनी शिकवलेला नव्हता. घरची बोली घरी ठेवायची, आणि मग हळूहळू घरही घरीच ठेवायचं. इंजिनिअरिंगला होस्टेलचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'लोडर' लिहिलं नाही. 'सर्व्हिस' लिहिलं. फॉर्मवर पालकांची सही लागायची. बाबा रात्रपाळी करून थेट मला सोडायला आले होते. त्यांनी फॉर्म वाचला, त्या रकान्यावर बोट क्षणभर थांबलं, आणि सही केली. बोलले काहीच नाहीत.

लुईव्हिलहून त्या रविवारी मी बाबांना फोन केला आणि लॉरेटाची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तिचा बाप कोन्त्या शिफ्टमधी होता?"

"रात्रपाळी."

"मंग शेतात कवा जाये?"

"दिवसा."

थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाले, "मंग झोपे कवा?"

याचं उत्तर गाण्यात नाही. मी कितीदा ऐकलं, अमेरिकेतल्या कोणी हा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात आला नाही. तो विचारायला दुसरा खाणकामगारच लागला. त्या फोनवर मला फॉर्मविषयीही बोलायचं होतं. राहून गेलं. पुढे दर सुट्टीत बोलू म्हणत राहिले आणि २०२१ मध्ये बाबा गेले. लॉरेटाने वडिलांवर गाणं लिहिलं तेव्हा वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. उशीर सगळ्यांनाच होतो. तिने उशिरा का होईना नीट सांगितलं, कोणत्या घळीतून आले, कोणाच्या पैशावर जोडे आले.

बुचर हॉलरचं ते घर आज जपलेलं आहे. व्हॅन लिअरमध्ये कंपनीच्या जुन्या कचेरीत खाणकामगारांचं संग्रहालय आहे. तिथे टोप्या, दिवे, बिल्ले मांडलेले पाहिले तेव्हा वाटलं, हे सगळं आपल्या घरी माळ्यावर पडून आहे. बाबांचा कॅप लॅम्पचा पट्टा अजून माझ्याकडे आहे.

या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. नाव, बॅच, हुद्दा, गाव. संपादकांना मी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. माझ्या नावापुढे हुद्द्यानंतर एक ओळ जास्त असेल: 'वडील: भूमिगत खाणीत लोडर, एकतीस वर्षं.' तुमच्यापैकी ज्यांना अशी ओळ द्यायची असेल त्यांनी पुढच्या आवृत्तीसाठी जरूर कळवावी. लोडर, ड्रेसर, टिंबरमॅन, लॅम्प रूमवाले, कँटीनवाले, शिवणकाम करून पोरं शिकवणाऱ्या आया. आणि बोलीत लिहिली तरी चालेल. लाल शाई लागणार नाही, तेवढं मी संपादकांकडून आधीच कबूल करून घेतलं आहे.